रंग दे... पण कुठला?

चित्रं काढणाऱ्या माणसाला गिफ्ट द्यायचं म्हटलं की आपण रंगांचा मोठ्ठा डबा उचलतो आणि मोकळे होतो. पण तो डबा पुढे कुठे जातो, माहितीये? आमचा माळ्यावर सापडला!

दिवाळीची साफसफाई हा आमच्या साताऱ्याच्या घरातला राष्ट्रीय कार्यक्रम. आईच्या हातात यादी, दादा 'ऑफिसचा कॉल आहे' म्हणून गायब, आणि माळा नेहमीप्रमाणे माझ्या वाट्याला. त्या दिवशी जुना मिक्सर, फुटका कॅरम आणि लग्नात आलेले सहा एकसारखे लेमन सेट यांच्या मागे मला एक ओळखीचं खोकं दिसलं. लाकडी, पितळी कडीचं, आत १२० नग. वरचं सेलोफेन जसंच्या तसं. त्यावर माझ्याच अक्षरातलं कार्ड : 'बाबा, हॅपी सेकंड इनिंग!'

तीन वर्षांपूर्वी बाबा बँकेतून रिटायर झाले तेव्हा दादाने आणि मी कॉन्ट्रिब्युशन काढून घेतलेलं हे गिफ्ट. साडेसहा हजारांचं. फ्रीलान्सरच्या खिशाला तेव्हा ते जाम लागलं होतं, म्हणून आकडा पक्का लक्षात आहे!

थोडं बाबांबद्दल. सत्तरच्या दशकात त्यांना इंटरमिजिएट ड्रॉइंग ग्रेड परीक्षेत 'ए' ग्रेड मिळाली होती. ते सर्टिफिकेट आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलंय, त्यांच्या बी.कॉम.च्या डिग्रीच्याही वर. स्मरणचित्र, वस्तुचित्र, संकल्पचित्र हे शब्द मी शाळेत जायच्या आधी घरात ऐकले. पुढे बँक लागली, लग्न झालं, आम्ही झालो. चित्रकला उरली ती ब्रांचमधल्या सत्यनारायणाच्या फलकापुरती. पण 'रिटायर झालो की चित्रं काढणार' हे वाक्य मात्र तीस वर्षं दर रविवारी.

मी खोकं घेऊन खाली उतरले. "बाबा, हे उघडलंच नाहीत?"

"अगं, छान आहे ते. नीट ठेवलंय."

"ठेवायला दिलं होतं का?"

"सहा हजारांचे रंग गं. आधी जरा हात बसू दे. मग काढू."

हात कशाने बसवताय, असं विचारल्यावर त्यांनी ओशाळून बँकेच्या जुन्या डायऱ्या काढल्या. एक नाही, चार. रेघांच्या पानांवर, निळ्या बॉलपेनने, अजिंक्यतारा. चार भिंती. आमचं तुळशीवृंदावन. डुलकी काढणारी आई (हे तिला अजून माहीत नाही). तीन वर्षं हा माणूस रोज चित्रं काढत होता आणि आम्ही दिलेल्या रंगांना घाबरत होता!

मला कसंतरीच झालं. गिफ्ट चुकलं याचं वाईट वाटलंच. पण महागाचं गिफ्ट देऊन आपणच त्यांची वाट अडवून ठेवली, हे जास्त लागलं.

'माझ्याकडे असे तीन डबे आहेत'

पुण्याला परत आल्यावर मी पहिला फोन केला तो माझ्या जुन्या फ्लॅटमेटला. ती इलस्ट्रेटर आहे, लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते आणि त्यावरच पोट भरते. (हो, भरतं. तिच्या आईला अजून खरं वाटत नाही, तो भाग वेगळा.) डब्याची गोष्ट ऐकून ती हसायलाच लागली. "माझ्याकडे असे तीन आहेत. एक आत्याने, एक एक्स बॉयफ्रेंडने आणि एक सोसायटीने गणपतीत सत्कार केला तेव्हा!"

तिन्ही तिने वापरले नाहीत. कारण सिंपल आहे. १२० नगांच्या डब्यात स्केचपेन असतात, ऑइल पेस्टल असतात, रंगीत पेन्सिली असतात, जलरंगांच्या वड्या असतात, केस गळणारे दोन ब्रश असतात आणि एक पट्टीसुद्धा असते! म्हणजे छप्पन पदार्थांचं ताट, पण पोटभर म्हणून एकही नाही. तेवढ्याच पैशात त्यातली एकच गोष्ट उत्तम दर्जाची आली असती. जो चित्रं काढतो त्याला त्यातलं नव्वद टक्के लागत नाही. आणि जो नव्याने सुरुवात करतोय तो एवढा बाजार समोर मांडलेला बघूनच गार पडतो.

"गिफ्ट असं द्यायचं की ते संपलं पाहिजे," ती म्हणाली. "शनिवारी ये अप्पा बळवंतला. दाखवते."

थिओची शिकवणी

शनिवारच्या आधी मी थोडा होमवर्क केला, मास कॉममध्ये शिकवलेल्या रिसर्चला जागून. आणि आर्ट मटेरियल गिफ्ट देण्यातला सर्वांत मोठा बादशहा सापडला : थिओ व्हॅन गॉग. व्हिन्सेंटचा धाकटा भाऊ. पॅरिसमध्ये चित्रांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत नोकरी, आणि पगारातून दर महिन्याला भावाला पैसे, कॅनव्हास, रंग.

पण थिओ मनाने काही पाठवत नव्हता बरं का! एप्रिल १८८८ मध्ये व्हिन्सेंटने आर्लहून त्याला रंगांची अख्खी ऑर्डर लिहून पाठवली होती. कुठला रंग, किती मोठी ट्यूब, किती नग. वाण्याच्या यादीसारखी. त्यात पांढऱ्याच्या मोठ्या ट्यूबा भरपूर. बरोबरच आहे, ऑइलमध्ये पांढरा हा जवळपास प्रत्येक मिश्रणात जातो आणि सर्वांत आधी संपतो. आता मला सांगा, ऑइल करणाऱ्या मित्राला तुम्ही कधी नुसती पांढऱ्याची मोठी ट्यूब गिफ्ट दिलीत? नाही ना? आपल्याला वाटतं, पांढरा काय द्यायचा, काहीतरी रंगीत देऊ!

तर पहिला फंडा हा. सरप्राइजचा हट्ट सोडा आणि विचारा. विचारायचं नसेल तर हेरगिरी करा. त्या माणसाच्या टेबलावर जा. कुठली ट्यूब पिळून पिळून चपटी झालीये? कुठली पेन्सिल बोटभर उरलीये? कुठल्या वहीची शेवटची चार पानं राहिलीत? मोबाइलवर फोटो काढा आणि दुकानात जाऊन तोच ब्रँड, तोच नंबर, तीच साइज घ्या. 'त्याच्यासारखंच, पण जरा बरं' असलं काही दुकानदाराने गळ्यात मारलं तर घेऊ नका. चित्रकार मंडळींचं रंगांशी नातं आईच्या मिसळणाच्या डब्यासारखं असतं. हळद बदलली तरी कळतं.

आधी कागद, मग रंग

शनिवारी दुपारी अप्पा बळवंत चौकातल्या गर्दीत मैत्रीण मला थेट कागदांच्या कपाटापाशी घेऊन गेली. मी रंगांकडे बघत होते. तिने मान धरून वळवली.

"जलरंग करणाऱ्याला काहीही द्यायचं असेल, तर पहिल्यांदा कागद. स्वस्त रंग चांगल्या कागदावर चालतात. महाग रंग वाईट कागदावर अजिबात चालत नाहीत."

दुकानातले काका कागद उलगडत गेले आणि माझी शाळा सुरू झाली. आपण शाळेत ज्यावर रंगवायचो तो कार्ट्रिज. पेन्सिलला छान, पण पाणी पडलं की फुगतो, लाटा येतात, दुसरा हात मारला की वरचा पापुद्रा सुटतो. कागदाची जाडी जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. जलरंगांसाठी ३०० जीएसएम हा सुरक्षित आकडा, तो फारसा फुगत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो कशाचा बनलाय. लाकडाच्या लगद्याचा कागद स्वस्त असतो. शंभर टक्के कॉटनचा महाग, पण तो पाणी धरून ठेवतो. रंग सावकाश वाळतो, एकात एक मिसळायला वेळ मिळतो, आणि चुकलं तर ओल्या ब्रशने बऱ्यापैकी उचलताही येतो.

मग पोत. हॉट प्रेस्ड म्हणजे गुळगुळीत, बारीक काम आणि पेन-शाईसाठी. रफ म्हणजे खडबडीत. कोल्ड प्रेस्ड मधला. कुणाला काय लागतं माहीत नसेल तर कोल्ड प्रेस्ड घ्या आणि झोपा निवांत.

ब्रँडमध्ये फ्रान्सच्या 'आर्श'ला भारी मान. त्या गिरणीचा इतिहास १४९२ पासूनचा, म्हणजे कोलंबस निघाला त्या वर्षापासूनचा! तो घ्यायला गेलात तर एका मोठ्या तावालाच कित्येकशे रुपये पडतात. पण ताव एकच घ्या ना. हे मला माहीतच नव्हतं. कागद सुटा मिळतो! पूर्ण ताव साधारण २२ बाय ३० इंचांचा. त्याचे चार केले की ११ बाय १५, आणि सोळा केले की साडेपाच बाय साडेसात, पोस्टकार्डाहून थोडे मोठे. आणि परदेशीच कशाला? शिवाजीनगरची आपली हातकागद संस्था आहे की. तिथला खडबडीत हातकागद पेन्सिल, चारकोल, पेस्टलवाल्यांना दिलात तर खूश होतात. जलरंगांसाठी घेताना मात्र आधी एका तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. टिपकागदासारखा लगेच शोषला गेला तर त्यावर जलरंग नीट फिरणार नाही.

इथे मी काकांना बाबांच्या डायऱ्यांबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "ताई, इंटरमिजिएटला त्यांना जे कागद मिळाले असतील ना, ते फुगायचेच. माणसाला वाटतं आपला हात गेला. हात नसतो हो गेलेला. कागद तसा असतो."

हे वाक्य मी तिथेच मोबाइलमध्ये टाइप करून ठेवलं. जर्नालिस्टची खोड.

एक पावसाळी सूचना. मुंबई-कोकणातल्या कुणाला जून ते सप्टेंबरमध्ये कागद देणार असाल तर हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलची पुडी घालून द्या. दमट हवेत कागदाला बुरशीचे ठिपके पडतात. वर त्यातलं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच आत शोषलं जाऊ नये म्हणून दिलेली खळ, एकदा बिघडली की कागद कोरा दिसतो पण रंग लावल्यावर डागाळतो. दिसायला झक्कास, वापरायला भंगार.

नावावर जाऊ नका, नंबर बघा

रंगांकडे आलो तोवर दोन चहा झाले होते.

आपल्या पिढीचं रंगांचं ज्ञान म्हणजे 'कॅमल'. उंटाचं चित्र, बारा वड्या, त्यात पांढरी वडी सगळ्यात आधी काळी! १९३१ मध्ये दांडेकरांनी मुंबईत सुरू केलेली ही कंपनी, मराठी घरात ती घरचीच वाटते. २०११ पासून तिची मालकी जपानच्या 'कोकुयो'कडे आहे हे ऐकून बाबा दोन मिनिटं गप्प झाले होते.

तर रंगांत दोन जाती. स्टुडंट ग्रेड आणि आर्टिस्ट ग्रेड. फरक रंगद्रव्याचा. स्टुडंटमध्ये ते कमी असतं, महाग द्रव्याच्या जागी स्वस्त पर्याय असतो. ट्यूबवर रंगाच्या नावापुढे 'ह्यू' लिहिलेलं दिसलं तर समजायचं की हा मूळ द्रव्याचा नाही, त्याच्यासारखा दिसणारा आहे. त्यात फसवणूक काही नाही, पण पैसे कशाचे देतोय ते कळलेलं बरं. दुसरं म्हणजे ट्यूबच्या पाठीवर बारीक अक्षरात एक कोड असतो. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन निळा. कंपनी कुठलीही असो, कोड तोच. एकच कोड असलेले रंग मिश्रणाला स्वच्छ. तीन-तीन कोड एकत्र असले तर पुढे आणखी रंग मिसळल्यावर चिखल व्हायला वेळ लागत नाही.

आणि तिसरी गोष्ट, रंग उन्हात टिकणार का. त्याचीही खूण ट्यूबवर असते. ही बघणं किती महत्त्वाचं ते पुन्हा व्हिन्सेंटलाच विचारा. 'द बेडरूम' (१८८८) या त्याच्या प्रसिद्ध चित्रातल्या निळ्या भिंती त्याने रंगवल्या तेव्हा जांभळट होत्या. त्यातला लाल उडाला आणि निळा मागे राहिला! थिओने इमानाने पाठवलेल्या रंगांतलेही काही कच्चे निघाले म्हणायचे.

मग गिफ्ट काय द्यायचं? २४ स्टुडंट ट्यूबांपेक्षा चार आर्टिस्ट ट्यूबा द्या. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, एक पिवळा, एक लाल. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की राखाडीपासून जवळपास काळ्यापर्यंत सगळ्या छटा मिळतात. मैत्रिणीने हे तिथेच काकांच्या रद्दी कागदावर करून दाखवलं आणि मी तोंडात बोट घातलं. माती आणि खनिजाचे रंग, म्हणजे सिएना, ऑकर, अंबर हे आर्टिस्ट ग्रेडमध्येही परवडतात. कॅडमियम, कोबाल्टवाले महाग. ट्यूबवरचा 'सिरीज'चा आकडा जितका मोठा तितका खिसा हलका. छोटी ट्यूब ५ मिलीची येते. जलरंग करणाऱ्याला ती कितीतरी चित्रं पुरते, कारण उरलेलं पाणीच असतं!

मुंगूस नको

ब्रशच्या बाबतीत एकच गोष्ट घट्ट लक्षात ठेवा. मुंगसाच्या केसांचे ब्रश घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगूस संरक्षित आहे. त्याच्या केसांच्या ब्रशचा धंदा बेकायदा आहे. वाइल्डलाइफ क्राइम कंट्रोल ब्युरोने २०१९ मध्ये 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाने यावर देशभर धाडी टाकल्या होत्या. तरी कधीकधी 'खास नॅचरल हेअर' म्हणून तपकिरी-करड्या पट्ट्यांच्या केसांचा ब्रश हळूच पुढे केला जातो. वाढदिवसाच्या भेटीत कुणाला गुन्हा कशाला द्यायचा?

जलरंगांच्या ब्रशमधला राजा म्हणजे कोलिन्स्की सेबल. सायबेरियाकडच्या एका विझलच्या शेपटीचे केस. विन्सर अँड न्यूटनने १८६६ मध्ये व्हिक्टोरिया राणीसाठी असे ब्रश बनवले, तिला ७ नंबर आवडायचा म्हणून मालिकेचं नाव 'सिरीज ७'. किमती अर्थात राणीला परवडतील अशाच! सामान्य प्रजेसाठी आता सिंथेटिक ब्रश खरोखर चांगले मिळतात. एकच ८ नंबरचा गोल ब्रश द्या, दहाचा सेट नको. फक्त दुकानात पाणी मागा. नवीन ब्रशला खळ लावलेली असते, त्यामुळे कोरडा असताना प्रत्येकाला टोक असतं. खळ धुवून टाका, ब्रश भिजवा, एक झटका द्या. टोक आपोआप जुळलं तर घ्या. केरसुणी झाली तर परत ठेवा. काका वैतागत नाहीत. उलट 'याला कळतं' म्हणून आतलं कपाट उघडतात!

ऑइलवाल्यांबद्दल थोडक्यात. रंग द्या, पण टर्पेंटाइनची बाटली गिफ्टमध्ये नको. वन बीएचकेत तो वास सगळ्यांना पुरतो आणि ज्वलनशील म्हणून विमानातही नेता येत नाही. अमेरिकेतल्या भावाच्या बॅगेत तर मुळीच कोंबू नका. डिजिटलवाल्यांना स्टायलसची जास्तीची टोकं द्या, ती झिजतात आणि कुणी स्वतःहून विकत घेत नाही. अ‍ॅक्रिलिकवाल्यांचं पुन्हा तेच, पांढरा.

बजेट किती, बोला

महिनाअखेर आहे आणि खिशात दोनशे? बिनधास्त या. मळता येणारं खोडरबर, ज्याला नीडेबल म्हणतात. कणकेसारखं मऊ, चारकोलवाल्यांचा जीव की प्राण. दोन ६बी आणि एक ८बी पेन्सिल. चारकोलच्या काड्यांची डबी. मास्किंग टेप आणि दोन मोठ्या क्लिपा (प्रत्येक चित्रकाराच्या क्लिपा कुठे जातात हे एक रहस्य आहे). यातलं काहीही आणि वर हाताने लिहिलेली चिठ्ठी.

पाचशेपर्यंत गेलात तर चांगल्या कागदाची छोटी स्केचबुक. पण कडक पुठ्ठ्याची, सोनेरी नक्षीची, 'ड्रीम बिग' छापलेली नको. अशा वहीत पहिलं पान खराब करायची कुणाची हिंमत होत नाही. साधी, दोऱ्याने शिवलेली, सपाट उघडणारी द्या. किंवा रिकाम्या छोट्या पॅन आणि पत्र्याची डबी, ज्यात ट्यूबमधला रंग भरून वाळवून प्रवासात नेता येतो. याच बजेटमध्ये आर्टिस्ट ग्रेडची एखादी ट्यूबही बसते.

हजार-दोन हजार असतील तर चार ट्यूबा, कॉटन कागद आणि एक ब्रश यांतलं जमेल ते. किंवा पुस्तक. आपल्या पुण्याच्याच मिलिंद मुळीक यांची जलरंगांवरची पुस्तकं बघा, त्यात दिसणारा पाऊस, रस्ते आणि झाडं आपल्या ओळखीची आहेत.

पाच हजार किंवा त्याहून जास्त? मग ऑफिसात कॉन्ट्रिब्युशन काढा, पण त्या माणसाला सोबत घेऊनच दुकानात जा. 'आज तू निवड, पैसे आम्ही देतो.' मैत्रिणीला मागच्या वर्षी तिच्या चुलतभावाने हे केलं. ती तीन तास दुकानात होती आणि बाहेर आली ती एक कोलिन्स्की ब्रश आणि कोबाल्ट निळ्याची एक ट्यूब घेऊन. 'आयुष्यातलं बेस्ट गिफ्ट' असं ती अजून सांगते. ईझल मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका. मध्यमवर्गीय फ्लॅटमध्ये ईझल आला की दोन महिन्यांत त्यावर टॉवेल वाळत असतात.

आणि बजेट शून्य असेल तर? दोन तास मॉडेल म्हणून गप्प बसा. मोबाइल न बघता! माणसांची चित्रं काढणाऱ्याला याहून दुर्मीळ काही मिळत नाही. सोबत जुना सुती बनियन धुवून न्या, ब्रश पुसायला त्याच्यासारखं फडकं नाही.

सोळा तुकडे

संक्रांतीला साताऱ्याला गेले ती गुंडाळी घेऊन. एक ताव कॉटन कागद. चार छोट्या ट्यूबा. ८ नंबरचा एक ब्रश. दोन क्लिपा. सगळं मिळून त्या डब्याच्या निम्म्याहूनही कमी पैशांत.

बाबांनी कागदावरून हात फिरवला, उजेडाकडे धरला. "किती जाड आहे गं. केवढ्याला?"

मैत्रिणीने बजावलं होतं, किंमत सांगायची नाही आणि कागद आख्खा द्यायचा नाही. मी ताव मध्ये दुमडला, घडीवरून चमच्याची पाठ फिरवली, उलटा दुमडून पुन्हा फिरवली, आणि सर्रकन फाडला.

"अगं अगं अगं!" बाबा खुर्चीतून उठले.

मी थांबले नाही. दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा. डायनिंग टेबलावर सोळा तुकडे मांडले. मागे एक ते सोळा आकडे घातले. "हे सगळे वाया घालवायचेत. सोळाव्यापर्यंत एकही चांगलं चित्र आलं नाही पाहिजे. आलं तर तुम्ही हरलात."

ते बराच वेळ तुकड्यांकडे बघत बसले. रागावलेत असं वाटलं मला. मग म्हणाले, "बशी आण एक. पांढरी."

पहिला अजिंक्यतारा गच्चीवरून काढला. खरं सांगते, वाईट होता. सगळं एकात एक वाहत गेलेलं. आई डोकावून म्हणाली, "हा किल्ला आहे की इडली?" बाबांनी मागे 'इडली, क्र. १' असं लिहिलं, त्यांच्या त्या ग्रेड परीक्षेच्या सुंदर अक्षरात, आणि दुसरा तुकडा क्लिपेत अडकवला. मी तिळगूळ खात बाजूला बसून राहिले. तिसऱ्या तुकड्याला त्यांनी पाणी कमी घेतलं. चौथ्याला आभाळ वाळेपर्यंत थांबले, मध्ये माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मी रात्रीच्या गाडीने निघाले तेव्हा ते सहाव्यावर होते आणि आई जेवायला हाका मारत होती.

मार्चमध्ये, मी डेडलाइनच्या गडबडीत असताना, त्यांचा फोन आला.

"कामात आहेस का गं?"

"बोला ना बाबा."

"काही नाही. तो निळा संपला. चारही नकोत, नुसता निळा आण. आणि कागद दोन ताव. फाडून आणू नकोस, मी फाडतो."

"आणि माळ्यावरचा डबा?"

"तो काल वरच्या मजल्यावरच्या पोराला दिला. त्याने उघडल्या उघडल्या स्केचपेनची टोकं चेपली सगळी," बाबा म्हणाले. "सेलोफेन तर दातानं फाडलंन!"